भक्ती आणि कळवळा : एका लॅटिन विशेषणाचा मागोवा

गेल्या पावसाळ्यात एक तरुण बाप आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद करण्याकरिता आमच्याकडे आला होता. मुलाला आजोबांचे, म्हणजे पायस हे नाव द्यावयाचे होते. नोंदवहीत नाव लिहिता लिहिता त्याने विचारले, "फादर, ह्या नावाचा अर्थ काय हो? मराठीत पायस म्हणजे खीर!" आम्हीही त्याच्याबरोबर हसलो आणि सेमिनरीत पाठ केलेले उत्तर देऊन मोकळे झालो : पायस म्हणजे भक्तिमान, देवभीरू. त्याचे समाधान झाले. पुढे पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही त्याच घरी गेलो. आजोबा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. मुलगा उशाशी बसून त्यांना चमच्या-चमच्याने पेज भरवीत होता. आम्हांला पाहून तो ओशाळला. देवाचे माणूस आले आणि आपण भलत्याच कामात, असा काहीसा त्याचा भाव होता. परतताना आमच्या ध्यानात आले की, ओशाळावयास हवे होते ते आम्ही. त्याला सांगितलेला अर्थ चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. उरलेला अर्धा अर्थ तो स्वतःच करीत बसला होता. प्रस्तुत लेख हा त्या अर्ध्या उत्तराची भरपाई आहे, असे वाचकांनी समजावे.

'पायस' हे रूप आपल्याकडे इंग्रजी उच्चारावरून आले. मूळ लॅटिन विशेषण 'पिउस'. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'पिआ' आणि त्यावरून झालेले भाववाचक नाम 'पिएतास'. लॅटिनच्या लेकींनी हे विशेषण माहेरच्या दागिन्यासारखे जपले आहे. इटालियन व स्पॅनिश भाषांत ते 'पियो' म्हणून नांदते, पोर्तुगीजमध्ये 'पिउ' असे उच्चारले जाते, फ्रेंचमध्ये 'प्यो', तर रुमानियनमध्ये 'पिओस' होते. बारा परमगुरूंनी हे नाव धारण केले. त्यांतील शेवटचे बारावे पायस १९५८ साली निवर्तले. २००२ साली संतपदी चढविलेले पाद्रे पियो हेही ह्याच नावाचे धनी. एवढ्या ओळखीच्या शब्दाचा अर्थ आपण गृहीत धरतो आणि नेमके तेथेच फसतो.

प्राचीन रोमन माणसाला 'पिउस' म्हणजे केवळ देवपूजा करणारा असे वाटत नसे. देव, आईबाप, आप्त आणि मायभूमी ह्या सर्वांचे आपण ऋणी आहोत, हे जाणून जो त्या ऋणाला मनापासून जागतो, तो पिउस. इ.स. १३८ ते १६१ ह्या काळात राज्य केलेल्या सम्राट अंतोनिनुसला हे विशेषण बिरुद म्हणून मिळाले. ते का मिळाले, ह्याची अनेक कारणे त्याच्या प्राचीन चरित्रात दिली आहेत. त्यांतले एक फार बोलके आहे : वार्धक्याने थकलेल्या आपल्या सासऱ्याला त्याने भर सेनेटमध्ये हाताचा आधार दिला. साम्राज्याच्या स्वामीला मिळालेली ही पदवी लढाईतल्या विजयाची नव्हे, म्हाताऱ्याचा हात धरल्याची आहे, असे निदान सांगणाऱ्यांना सांगावेसे वाटले.

दुसरी कथा प्लिनीने नोंदवून ठेविली आहे. एका सामान्य कुळातल्या स्त्रीला शिक्षा म्हणून बंदिवासात टाकण्यात आले. तिच्या नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीला भेटीची परवानगी होती. पण ती अन्न घेऊन जाऊ नये म्हणून पहारेकरी दर वेळी तिची झडती घेई. अखेर उघडकीस आले की, लेक आपल्या अंगावरचे दूध पाजून आईला जगवीत होती. त्या लेकीच्या पिएतासमुळे आईची सुटका झाली, दोघींच्या उदरनिर्वाहाची सोय लावण्यात आली आणि ते स्थळ पिएतास ह्या देवतेला अर्पण करण्यात आले. म्हणजे रोमन मनाने ह्या सद्गुणाचे देऊळ बांधले ते कारागृहाच्या जागी. 'पायस म्हणजे खीर' ह्या त्या तरुणाच्या विनोदाची आम्हांला येथे आठवण झाली. शब्दांचे मूळ भिन्न आहे, त्यांचा संबंध जोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण दुधाशी ह्या गुणाचे नाते आहे खरे.

साहित्यात ह्या विशेषणाला अमर केले ते महाकवी व्हर्जिलने. इ.स.पू. १९ साली तो वारला तेव्हा त्याचे 'ईनिड' हे महाकाव्य शेवटच्या हातफेरीवाचून राहिले होते. होमरचे नायक शूर वा चतुर. व्हर्जिलचा नायक ईनियास मात्र पुनःपुन्हा 'पिउस' म्हणून येतो. पहिल्याच सर्गात तो आपली ओळखही ह्याच विशेषणाने करून देतो. जळत्या ट्रॉय नगरीतून तो बाहेर पडतो तेव्हा खांद्यावर वृद्ध पिता आहे, पित्याच्या हातात कुलदैवते आहेत आणि आपल्या हातात लहानग्या मुलाचे बोट आहे. वडील, दैवत आणि लेकरू ही तिन्ही एकाच माणसाच्या अंगाखांद्यावर आहेत. विशेषणाचा अर्थ कोशाने सांगण्याची गरज उरू नये, असे हे चित्र होय. परंतु व्हर्जिल भाबडा कवी नव्हता. त्याच चित्रात मागून चालणारी पत्नी अंधारात हरवते. चौथ्या सर्गात डायडोचा आक्रोश ऐकूनही ईनियास निघून जातो, आणि नेमक्या त्या क्षणी कवी त्याला पुन्हा 'पिउस' म्हणतो. कर्तव्यनिष्ठेची किंमत दुसऱ्यांच्या अश्रूंनी चुकती होत असेल, तर तिला पुण्य म्हणावे काय, हा प्रश्न व्हर्जिलने वाचकांपुढे उघडा ठेविला आहे.

आमच्या मते ह्या काव्यातील 'पिउस'चा खरा कस दहाव्या सर्गात लागतो. शत्रुपक्षातील लौसुस नावाचा कोवळा तरुण जखमी पित्याला वाचविण्यासाठी मधे पडतो आणि ईनियासच्या तलवारीला बळी जातो. त्या मरणाऱ्या मुलाचा पांढराफटक चेहरा पाहून ईनियासला स्वतःचे पितृप्रेम आठवते, त्याच्या तोंडून सुस्कारा निघतो, आणि ह्या गुणाला साजेसे मी तुला काय देऊ, असे विचारताना तो स्वतःला 'पिउस' म्हणवतो. मग तो स्वतः त्या मुलाचे कलेवर उचलतो. येथे कर्तव्य आणि कळवळा एका ठिकाणी आले; मात्र ते उशिरा आले, वार होऊन गेल्यानंतर. काव्याच्या शेवटी तर शरण आलेला टुर्नुस आपल्या म्हाताऱ्या बापाची आण घालून जीवदान मागतो. ईनियास क्षणभर थबकतो आणि तरीही त्याला ठार करतो. रोमन 'पिउस' उंबरठ्यापर्यंत येऊन परत फिरला, असे आम्हांला वाटते. आपल्यांसाठी तो सर्वस्व देईल. परक्यासाठी, वैऱ्यासाठी त्याचा हात पुढे होईलच, ह्याची हमी नाही.

हा उंबरठा ओलांडला कोणी? विद्वानांनी नव्हे, असे संत ऑगस्टीन सांगतात. 'देवनगरी' ह्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या प्रारंभी त्यांनी 'पिएतास' शब्दाची छाननी केली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : ह्या शब्दाचा काटेकोर अर्थ ईश्वराची उपासना, आईबापांविषयीच्या कर्तव्यालाही तो लावतात, पण सामान्य लोक मात्र दयेच्या कृत्यांना सर्रास हाच शब्द वापरतात. असे का व्हावे? तर देवाने ही कृत्ये विशेषेकरून करावयास सांगितली आहेत, आणि बलिदानांइतकीच, किंबहुना बलिदानांपेक्षाही ती त्याला प्रिय आहेत, म्हणून. ह्या लोकवापरामुळेच स्वतः देवालाही 'पिउस' म्हणण्याची पद्धत पडली, असे ते पुढे नमूद करतात. अलंकारशास्त्राच्या ह्या जुन्या अध्यापकाने गर्दीच्या बोलीला चूक ठरविले नाही. तिच्यात शुभवर्तमानाचा प्रतिध्वनी ऐकला. भाषेच्या टीकेचा ह्याहून उदार नमुना आमच्या वाचनात नाही.

देवाला 'पिउस' म्हणणे ही वरकरणी विचित्रच गोष्ट आहे. देव कोणाची भक्ती करणार? तरीही लॅटिन बायबलमध्ये इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (३०:९) आणि बेन सिराच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराला हेच विशेषण लावले आहे, आणि तेथे त्याचा अर्थ दयाळू, कनवाळू हाच होतो. मृतांसाठीच्या जुन्या मिस्सेत न्यायाच्या दिवसाचे भयंकर वर्णन करणारे जे पद गाइले जाई, त्याच्या अखेरीस येशूला ह्याच विशेषणाने हाक मारली आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मारियेला वंदन करणारे जे लॅटिन स्तोत्र वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असे, त्याच्या शेवटच्या तीन विशेषणांतही 'पिआ' आहे. तेथे 'धार्मिक मारिया' असे भाषांतर केले, तर व्याकरण साधेल आणि प्रार्थना मरेल. माणसाकडून देवाकडे जाते ती भक्ती आणि देवाकडून माणसाकडे येते ती करुणा. ह्या दोन्ही वाटांना ख्रिस्तसभेच्या लॅटिनने एकच नाव ठेविले. मूल आईला बिलगते आणि आई मुलाला कुशीत घेते, ह्या दोन क्रिया असल्या तरी मिठी एकच असते.

पुढे लेकींच्या घरी ह्या शब्दाची वाटणी झाली. फ्रेंचमध्ये 'पिएतास'पासून दोन शब्द निघाले : 'प्येते' म्हणजे भक्ती आणि 'पित्ये' म्हणजे कीव. इंग्रजीने ते दोन्ही फ्रेंचकडून उसने घेतले. इटालियनमध्ये 'पियो' म्हणजे भाविक, तर 'पिएतोसो' म्हणजे कनवाळू. स्पॅनिश 'पियादोसो' आणि तिचे पोर्तुगीज भावंड मात्र आजही दोन्ही अर्थ सांभाळून आहेत. ह्या सर्व भाषांतील मिस्सेत, जेथे आपण 'दया कर' म्हणतो, तेथे मागणे ह्याच कुळातल्या शब्दाने होते : कोठे पिएता, कोठे पिएदाद, कोठे पित्ये. देवळात गुडघे टेकलेला इटालियन शेतकरी देवाकडे जे मागतो, तेच त्याने देवाला व शेजाऱ्याला द्यावयाचे असते, आणि त्याची भाषा त्याला हे विसरू देत नाही.

महाकवी डान्टेने ह्या द्व्यर्थाची धार ओळखली होती. नरकखंडाच्या पाचव्या सर्गात फ्रांचेस्काची कहाणी ऐकून तो 'पिएता'ने व्याकूळ होऊन कोसळतो. विसाव्या सर्गात मात्र शिक्षा भोगणाऱ्यांसाठी त्याचे डोळे भरून येतात तेव्हा वाटाड्या व्हर्जिल त्याला खडसावतो. त्या खडसावण्यात 'पिएता' हा शब्द कळवळा आणि ईश्वरी न्यायाविषयीचा आदर अशा दोन्ही अर्थांनी एकमेकांविरुद्ध उभा केला आहे. 'पिउस' ईनियास निर्माण करणाऱ्या कवीच्याच तोंडी डान्टेने हे वाक्य घातले, ही योजना अर्थपूर्ण आहे. आमच्यापुरते म्हणावयाचे तर, त्या ठिकाणी आमचे मन व्हर्जिलच्या तर्काकडे न जाता डान्टेच्या अश्रूंकडे जाते. आदर आणि कळवळा यांचा निवाडा नरकात वेगळा होत असेल. पृथ्वीवर तो वेगळा करण्याची परवानगी आपल्याला दिलेली नाही.

जे शब्दाला जमले नाही ते दगडाला जमले. १४९९ च्या सुमारास, वयाच्या पंचविशीत असलेल्या मायकेलअँजेलोने संगमरवरात मृत पुत्राला मांडीवर घेतलेली मारिया घडविली. त्या शिल्पाला आपण 'पिएता' म्हणतो आणि भाषांतर करीत नाही. करणार तरी काय? 'भक्ती' म्हटले तर आई दिसत नाही. 'करुणा' म्हटले तर देवाच्या इच्छेपुढे उघडलेला तिचा डावा तळहात दिसत नाही. त्याच कलावंताने १५६४ साली मृत्यू येईपर्यंत आणखी एका पिएतावर छिन्नी चालविली. मिलान येथील हे शिल्प अपुरे आहे. आई पुत्राला मागून धरून उभी आहे. पण बराच वेळ पाहिल्यावर वाटू लागते की, मृत पुत्रच आईला पाठीवर वाहून नेत आहे. ईनियासने बापाला खांद्यावर घेतले होते. येथे कोण कोणाला वाहत आहे, हे सांगता येत नाही. विशेषणाचा प्रवास येथे पूर्ण होतो, असे आम्हांला वाटते.

मात्र युरोपातील नित्याच्या बोलण्यात ह्या शब्दाची आज जी अवस्था झाली आहे, ती पाहून धर्मगुरू म्हणून आमची मान खाली जाते. फ्रेंच माणूस 'प्यो' इच्छा म्हणतो तेव्हा त्याला कधीच फळणार नाही अशी पोकळ इच्छा म्हणावयाचे असते. इटालियन 'पिया' कल्पना म्हणजे गोड भ्रम. स्पॅनिश 'पियादोसा' थाप म्हणजे समोरच्याला दुखवू नये म्हणून मारलेली थाप. सद्गुणाचे नाव थट्टेचे कसे झाले? भाषा उगाच कोणाची बदनामी करीत नाही. ज्यांच्या ओठांवर देव आणि ज्यांच्या दाराशी उपाशी लाजर, अशा भाविकांनीच हे विशेषण झिजवून टाकले.

आता आपल्या मराठीकडे वळू. दिवाडी बेटावरील पिएदादे गावातले मारियेचे देऊळ गोमंतकीय वाचकांना ठाऊक आहे. पोर्तुगीज नावात 'पियेदादे' हा एकच शब्द असल्यामुळे इंग्रजीत त्या देवळाला कोणी भक्तीच्या तर कोणी करुणेच्या मातेचे देऊळ म्हणतात. भाषांतरकाराला निवड करावीच लागते. मराठीतही आपण ती निवड केली आहे. माणसासाठी 'भाविक', 'श्रद्धाळू', 'धर्मपरायण'; देवासाठी 'दयाळू', 'कृपाळू'. दोन्ही शब्दसमूह सुंदर आहेत. पण त्यांच्यामध्ये भिंत उभी राहिली आहे. आज 'भाविक' म्हटले की रांग, गर्दी आणि यात्रा डोळ्यांपुढे येते. आजारी सासूचे अंथरूण बदलणाऱ्या सुनेला भाविक म्हणावे, असे आपल्या मनात येत नाही. मिस्सेला न चुकता येणाऱ्यास आपण धार्मिक म्हणतो, आणि मिस्सा चुकवून बापाजवळ बसलेला आपल्यासमोर ओशाळतो.

मराठीत ह्या अर्थाचे भान नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दाराशी आलेल्या देवाला वीट देऊन थांबावयास सांगितले आणि देव थांबला, ही कथा ह्या भूमीने शतकानुशतके हृदयाशी धरली आहे. देवाला 'माउली' म्हणून हाक मारणाऱ्या भाषेला 'पिउस' परमेश्वराचे कोडे पडूच नये. आपल्याला शब्दाचा शोध दूर जाऊन करावा लागणार नाही. देवासाठी राखून ठेवलेला 'कनवाळू' माणसाला आणि माणसासाठी राखलेला 'भक्त' सेवेला जोडून वापरण्याचे धैर्य तेवढे हवे.

कोणी म्हणेल, एका विशेषणावर एवढा भार कशासाठी? भाषेने अर्थ वेगळे केले ते स्पष्टतेसाठीच ना? आक्षेप योग्य आहे. भक्ती आणि दया यांत भेद आहे आणि धर्मशिक्षणात तो शिकवावाही लागतो. परंतु भेद करणे निराळे आणि फारकत करणे निराळे. दृढीकरणाची तयारी करताना मुले पवित्र आत्म्याची सात दाने पाठ करतात. त्यांतील एक हेच 'पिएतास'. यशयाच्या अकराव्या अध्यायातील मूळ हिब्रू वचनात सहाच गुण असून परमेश्वराच्या भयाचा उल्लेख दोनदा येतो. ग्रीक भाषांतरात, आणि त्यामागून लॅटिनमध्ये, त्या दोहोंपैकी एका जागी भयाऐवजी हा शब्द आला आणि दाने सात झाली. भयाच्या शेजारी जिव्हाळ्याला जागा मिळाली, हे त्या भाषांतरकारांचे आपल्यावरील उपकार होत. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही आईबाप व मायभूमी यांविषयीचे कर्तव्य ह्याच नावाखाली मांडले, आणि आत्म्याच्या ह्या दानामुळे आपण देवाला पिता म्हणून भजतो, असे सांगितले.

स्वतः प्रभू येशूने ह्या फारकतीवर जेवढे कठोर शब्द योजले तेवढे क्वचितच अन्यत्र योजले असतील. आईबापांना द्यावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना त्याने देवाची आज्ञा मोडणारे ठरविले (मार्क ७:९-१३). तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांशी कसे वागावयास शिकावे, हे सांगताना (५:४) जे ग्रीक क्रियापद आले आहे, ते देवभक्तीचेच आहे. आईबापांचा सांभाळ व्हावा म्हणून आपल्या देशाला २००७ साली कायदा करावा लागला. कायदा आवश्यक आहे. पण जे कायद्याने करावे लागते, त्याला 'पिउस' म्हणता येत नाही.

नेपल्स शहरात १६०२ साली सात तरुणांनी दयेच्या कार्यासाठी एक संस्था स्थापिली. तिच्या नावातच 'पियो' हे विशेषण आहे. तिच्या देवळासाठी काराव्हाज्जोने १६०७ च्या सुमारास दयेची सात कृत्ये एकाच चित्रात रंगविली. त्यात गजांतून डोके बाहेर काढलेल्या वृद्ध बापाला लेक दूध पाजते आहे. प्लिनीच्या कथेचेच ते दुसरे रूप. तेथे आई होती, येथे बाप आहे. हे चित्र आजही त्या देवळाच्या मुख्य वेदीवर आहे. रोमन मूर्तिपूजकांनी बांधलेले देऊळ कधीच नाहीसे झाले; पण ती लेक मिस्सेच्या वेदीवर येऊन उभी राहिली. भक्ती कोठे करावी आणि दया कोठे करावी, ह्याचा वाद त्या वेदीपुढे उभे राहणाऱ्याने घालू नये.

गेल्या रविवारी त्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. आजोबांना खुर्चीत बसवून आणले होते. डोक्यावर पाणी घालण्यापूर्वी त्या तरुणाला आम्ही हळूच सांगितले, "त्या दिवशी नावाचा अर्थ अर्धाच सांगितला होता. उरलेला तू वडिलांना पेज भरवीत होतास तो." तो काही बोलला नाही. त्याने वाकून बापाच्या गुडघ्यावरची चादर नीट केली.